रतामाच्या झुडुपाखाली : अर्धशिशी आणि खचलेला जीव

शास्त्रपाठ : १ राजे, अध्याय १९, वचने १ ते १८



आपल्या सोलापूर जिल्ह्यातले चैत्र-वैशाखाचे ऊन कसे असते, हे कोणास सांगावयास नको. पारा ४० अंशांच्या पुढे जातो, रानातली ढेकळे तापतात आणि दुपारी वस्तीत चिटपाखरू दिसत नाही. अशा दिवसांत एखाद्या घराचे दार सकाळपासूनच लावलेले असते. आत अंधाऱ्या कोपऱ्यात घरची बहीण डोक्यास फडके आवळून पडलेली असते. तिला उजेड सोसत नाही, भांड्याचा आवाज सोसत नाही, फोडणीचा वास आला की पोटात ढवळून येते. शेजारणी म्हणतात, हिचे डोके उठले. दोन दिवसांनी ती उठते, चूल पेटविते, विड्यांचे सूप मांडीवर घेते, किंवा खुरपे घेऊन रानात जाते. सर्वांस वाटते की दुखणे गेले. परंतु तिचे तोंड उतरलेलेच राहते. रविवारी उपासनेस आली तरी गीतात तिचा आवाज निघत नाही. पुन्हा डोके कधी उठेल ह्या धास्तीने तिला रात्री झोप येत नाही. आणि एखाद्या दिवशी ती हळूच म्हणते की, असे जगण्यापेक्षा देवाने मला नेले तर बरे.

ह्या बोलण्यावर मंडळीत काय उत्तर मिळते? कोणी म्हणतो, हिचा विश्वास उणा पडला. कोणी म्हणतो, हिने काही पाप लपविले आहे. कोणी कुजबुजतो की ही बाहेरची बाधा आहे, पलीकडच्या गावच्या देवऋषीस दाखवा. अशा उत्तरांनी दुखण्यावर लाजेचे ओझे चढते आणि दुखणाईत माणूस गप्प होतो. तो गप्प झाला म्हणजे बरा झाला असे नव्हे. म्हणून ह्या आठवड्यात आम्ही ह्याच गोष्टीविषयी देवाच्या वचनातून आपणांशी बोलू इच्छितो.

प्रथम दुखणे काय आहे ते समजून घेऊ. अर्धशिशी हा काही नवा रोग नाही. आपल्या देशातील प्राचीन वैद्य सुश्रुत ह्याने मस्तकाचे ११ रोग सांगितले आहेत. त्यांत अर्धे डोके फोडणारा अर्धावभेदक आहे, आणि सूर्याबरोबर चढून सूर्याबरोबर उतरणारा सूर्यावर्तही आहे. ग्रीक वैद्यांनीही हे दुखणे ओळखले होते. आजचे डॉक्टर ह्यास मायग्रेन म्हणतात. ह्यात बहुधा डोक्याची एक बाजू ठणकते, मळमळ किंवा वांती होते, उजेड आणि आवाज नकोसे होतात, आणि हे दुखणे ४ तासांपासून ७२ तासांपर्यंत टिकते. कित्येकांस डोके दुखण्यापूर्वी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेषा दिसतात. तो मेंदूचाच खेळ असतो. तो दृष्टांत नव्हे आणि भूतही नव्हे. जगात सुमारे ७ माणसांत एकास हे दुखणे आहे, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत ते सुमारे तिप्पट आढळते. पुष्कळदा ते आईकडून लेकीस आणि बापाकडून लेकास येते.

आता जी गोष्ट थोड्यांस ठाऊक आहे ती सांगतो. ज्यांस अर्धशिशी आहे त्यांस मनाची खिन्नता जडण्याचा संभव इतरांच्या मानाने दुपटीहून अधिक असतो, आणि धास्ती तर त्याहूनही अधिक आढळते. ज्यांचे डोके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस दुखते, त्यांच्यात हे प्रमाण आणखी वाढते. ही वाट दोन्हीकडून चालते. डोक्याच्या दुखण्याने मन खचते, आणि ज्याचे मन आधी खचले आहे त्यासही पुढे अर्धशिशी जडण्याचा संभव वाढतो. ह्याची कारणे अनेक आहेत. मेंदूतील जी द्रव्ये वेदनेचा निरोप पोहोचवितात, त्यांतलीच काही मनाचा आनंद व शांती ह्यांच्याशीही संबंध राखतात. काही अंशी दोन्ही गोष्टी एकाच रक्तातून येतात. आणि शिवाय साधा मानवी हिशेब आहे : ज्यास उद्याचा दिवस आपल्या हाती राहील की नाही हे ठाऊक नसते, तो लग्नाचे आमंत्रण घेण्यास भितो, मजुरीचा शब्द देण्यास भितो, उजाडण्यासही भितो. ह्यावरून आपण इतके जाणावे की, अर्धशिशीच्या माणसाची खिन्नता ही पुष्कळ वेळा त्याच ओझ्याची दुसरी बाजू असते. ती त्याच्या विश्वासाचे माप नव्हे.

हे आम्ही डॉक्टरांच्या आधारावर सांगितले. आता शास्त्र काय दाखविते ते पाहू.

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली बसून मरण मागत आहे. हा माणूस कोण? ज्याने आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर एकट्याने बआलाच्या साडेचारशे संदेष्ट्यांपुढे उभे राहून देवास हाक मारली, आणि ज्याच्या प्रार्थनेने स्वर्गातून अग्नी उतरला, तोच हा. ज्याच्या प्रार्थनेने तीन वर्षांची अवर्षणाची कोंडी फुटली, तोच हा. आपल्या अवर्षणाच्या मुलखातील माणसांस तर त्या पावसाचे मोल अधिक कळते. इतका मोठा विश्वास असलेला पुरुष, ईजबेल राणीच्या एका धमकीने पळत सुटतो, बैर-शेब्यास आपल्या चाकरास सोडतो, एकटाच एक दिवसाची वाट रानात चालून जातो आणि देवाजवळ मरण मागतो. एलीयास अर्धशिशी होती असे शास्त्रात लिहिलेले नाही आणि आम्हीही तसे म्हणत नाही. परंतु त्याच्या ठायी श्रम होते, ऊन होते, उपासमार होती, भय होते आणि एकटेपण होते. हे पाच एकत्र झाले म्हणजे देवाच्या माणसाचेही मन मोडते. तर मग जो कोणी खचला त्यास अविश्वासू म्हणणाऱ्याने आधी एलीयास अविश्वासू म्हणावे, आणि मग रूपांतराच्या डोंगरावर प्रभू येशूच्या शेजारी तो कसा उभा राहिला ह्याचे उत्तर द्यावे.

आता देवाने त्याचे काय केले ते क्रमाने पाहू. त्या क्रमातच आपला सर्व धडा आहे.

पहिली गोष्ट : देवाने त्यास निजू दिले, आणि मग भाकर व पाणी दिले. देवदूत आला तो हातात निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू घेऊन आला. त्याने उपदेश केला नाही. कर्मेलाची आठवण देऊन त्यास लाजविले नाही. त्याने त्यास स्पर्श केला, जेवू घातले, आणि एलीया पुन्हा निजला तेव्हा पुन्हा निजू दिले. मग दुसऱ्यांदा जेवू घातले, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची होती हे देव जाणून होता. प्रियजनहो, ज्याने देह घडविला तो देहाची काळजी आधी घेतो. आपण मात्र पुष्कळदा आधी उपदेश करितो आणि भाकर विसरतो.

अर्धशिशीच्या माणसास ह्या पहिल्या गोष्टीत फार मोठे औषध आहे. जेवणाची वेळ चुकणे, पाणी कमी पिणे, झोप मोडणे किंवा फार निजणे, उन्हात डोके उघडे ठेवणे, तंबाखूचा वा इतर उग्र वास, मनावरचा ताण, आणि स्त्रियांस मासिक धर्माचे दिवस, ह्यांनी हे दुखणे पुष्कळदा उठते. म्हणून ज्वारीची भाकर वेळेवर खावी, रानात जाताना पाण्याची बाटली न्यावी, डोके झाकावे, निजण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. घरोघरी दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर ज्या दिवशी डोके उठले त्या दिवशी एक खूण करावी. दोन-तीन महिन्यांच्या त्या खुणांवरून डॉक्टरास पुष्कळ समजते.

येथे उपासाविषयी स्पष्ट सांगणे अवश्य आहे. आपल्या मंडळ्यांत उपास-प्रार्थनेचे दिवस पाळितात, आणि ते चांगले आहे. परंतु ज्यास उपाशी राहिल्याने डोके उठते त्यास उपासाचा आग्रह करू नये, आणि त्याने उपास केला नाही म्हणून त्यास प्रार्थनेच्या मंडळातून वेगळे बसवू नये. देवाने एलीयास आधी भाकर दिली आणि मग होरेबाची ४० दिवसांची वाट दाखविली. ज्याचा देह दुबळा आहे त्याने जेवून प्रार्थना करावी. त्याची प्रार्थना स्वर्गात कमी ऐकू जात नाही.

दुसरी गोष्ट : औषध घेणे म्हणजे अविश्वास नव्हे. पौलाच्या सोबतीस लूक होता, आणि पौल त्यास प्रिय वैद्य म्हणतो. तीमथ्याच्या वरचेवरच्या दुखण्यांवर पौलाने केवळ प्रार्थना सुचविली नाही. त्याच्या पोटासाठी काय घ्यावे हेही त्याने लिहून कळविले. आपल्या शेजारच्या मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनी १८९४ साली मिशनचे रुग्णालय उघडले ते ह्याच श्रद्धेने की, प्रार्थना करणारे ओठ आणि औषध देणारे हात एकाच प्रभूचे आहेत.

परंतु औषध घेण्यातही शहाणपण लागते. गावातल्या मेडिकलमधून दर दुखण्यास गोळी आणून खाणारे पुष्कळ आहेत. ध्यानात ठेवा, दुखणे थांबविणाऱ्या गोळ्या महिन्यातून १० ते १५ दिवस किंवा त्याहून अधिक घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोके दुखू लागते. मग माणूस गोळी वाढवितो आणि दुखणेही वाढते. अशा वेळी डॉक्टर वेगळी औषधे देतात, जी रोज घेतल्याने दुखणे उठण्याचेच कमी होते. त्यांतली काही औषधे मनाच्या खिन्नतेवरही चालतात. म्हणून डॉक्टरास डोक्याविषयी सांगताना मनाविषयीही सांगावे. झोप येत नाही, रडू येते, कशातच गोडी वाटत नाही, छाती धडधडते, असे दोन आठवडे किंवा अधिक चालले असेल तर ते लपवू नये. मनाच्या औषधास वेड्याचे औषध म्हणून हसणारा मनुष्य आपल्या भावाच्या हातची भाकर हिसकावून घेतो. गावच्या आशाताईस विचारावे, प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथून पुढे पाठविले तर सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे आणि त्यास जोडलेले मोठे सर्वोपचार रुग्णालय आहे. तेथे डोक्याचा आणि मनाचा, दोहोंचाही विचार होतो. गरोदर बहिणीने मात्र डॉक्टरास विचारल्यावाचून कोणतीही गोळी घेऊ नये.

दुसऱ्या राजांच्या चौथ्या अध्यायात शुनेमकरणीच्या मुलाची हकीकत आहे. कापणीच्या दिवसांत तो लेकरू बापाकडे रानात गेला आणि डोके दुखते म्हणून ओरडू लागला. बापाने चाकराकरवी त्यास आईकडे पाठविले, आणि दुपारपर्यंत आईच्या मांडीवर त्याचा प्राण गेला. पुढे देवाने अलीशाच्या हातून त्यास जिवंत केले. ही हकीकत आपणांस सावध करिते की, सर्वच डोकेदुखी अर्धशिशी नसते. डोके एकाएकी, पूर्वी कधी झाले नाही इतके भयंकर दुखू लागले, तापाबरोबर मान ताठ झाली, हातपाय लुळे पडले, तोंड वाकडे झाले किंवा बोबडी वळली, आकडी आली, डोक्यास मार लागल्यावर दुखू लागले, उन्हात काम करिताना दुखून शुद्ध हरपू लागली, अथवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखणे सुरू झाले, तर घरी लेप लावीत बसू नये. त्याच घटकेस रुग्णालय गाठावे.

तिसरी गोष्ट : देवाने एलीयास बोलू दिले. होरेबाच्या गुहेत देवाने त्यास विचारले की तू येथे काय करितोस. एलीयाने आपले सर्व गाऱ्हाणे सांगितले. देवाने पुन्हा तेच विचारले, आणि एलीयाने पुन्हा तेच गाऱ्हाणे अक्षरशः तसेच सांगितले. देव रागावला नाही. हे मागेच सांगितलेस, आता पुरे, असे तो म्हणाला नाही. खचलेला माणूस तेच तेच बोलतो. त्याचे तेच तेच ऐकून घेणे ही मोठी सेवा आहे.

आणि त्या दोन प्रश्नांच्या मध्ये काय झाले? मोठा वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला, आणि ह्या तिहींत परमेश्वर नव्हता. मग एक मंद, कोमल वाणी आली. उपदेशक बंधूंनो, हे ध्यानात धरा. अर्धशिशीने पडलेल्या माणसाच्या उशाशी ढोलकी आणि टाळ घेऊन प्रार्थनेस जाऊ नका. दहा जण मिळून मोठ्याने हाका मारू नका. त्याच्या कानास तो आवाज घणासारखा लागतो. एकटे किंवा दोघे जा, दाराशी जोडे काढा, खिडकीवर पडदा ओढा, हळू आवाजात चार वाक्यांची प्रार्थना करा, आणि घरच्यांस विचारा की पाणी भरून ठेवू का, लेकरांस आमच्याकडे जेवू घालू का. ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले. तोवर त्यांनी फार चांगले केले. त्यांनी तोंडे उघडून त्याचे पाप शोधावयास आरंभ केला तेव्हा ते चुकले, आणि शेवटी देवाने त्यांनाच दोष दिला.

पापाचा शोध घेण्याची ही खोड प्रभूच्या शिष्यांतही होती. जन्मांधास पाहून त्यांनी विचारले की पाप कोणाचे, ह्याचे की आईबापांचे. प्रभूने दोन्ही नाकारले. आपल्या सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीन देशात जखमी सैनिकांची सेवा करावयास गेले आणि १९४२ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच अपस्माराच्या झटक्यांनी वारले. ते आपल्या मंडळीतले नव्हते. तथापि हे सांगण्याचे कारण असे की, आकडी आली की बाधा म्हणणारे लोक आजही गावोगाव आहेत, आणि ज्याचा मेंदू असा आजारी होता त्या मनुष्याने शत्रूच्या तोफांजवळ राहून परक्या लोकांचे प्राण वाचविले. मेंदूचे दुखणे माणसाची किंमत ठरवीत नाही. आणि भूत काढण्याच्या नावाखाली दुखणाइतास मारहाण करणे, कोंडणे, धूर देणे हा आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ख्रिस्ताच्या नावाने तसे करणाऱ्यासही तो कायदा आहे, आणि त्याहून वरचा न्यायाधीशही आहे.

कोणी विचारील, आम्ही इतकी प्रार्थना केली तरी दुखणे का जात नाही? पौलाने आपल्या शरीरातील काट्याविषयी तीनदा विनंती केली. तो काटा कोणता हे त्याने सांगितले नाही. तर्तुल्यन नावाचा प्राचीन मंडळीचा लेखक लिहितो की, पौलास कानाचे किंवा डोक्याचे दुखणे होते असे त्याच्या काळी लोक म्हणत. ते खरे असो वा नसो, काटा निघाला नाही हे निश्चित. पौलास कृपा मिळाली, आणि ती पुरी पडली. पौलाचा विश्वास उणा होता म्हणून काटा राहिला, असे कोणता ख्रिस्ती म्हणेल? तर मग आपल्या वस्तीतल्या बहिणीविषयी तरी तसे का म्हणावे?

चौथी गोष्ट : देवाने एलीयाचा हिशेब दुरुस्त केला, त्यास काम दिले आणि सोबती दिला. एलीया म्हणत होता की मी एकटाच उरलो. देव म्हणाला की बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार मी राखून ठेविले आहेत. खिन्नता ही खोटा हिशेब मांडणारी आहे. ती सात हजारांचा एक करिते. ती माणसास सांगते की तुझे कोणी नाही, तुझा उपयोग नाही, तुझ्यावाचून घर सुखी होईल. हा हिशेब दुखणाईत माणसास स्वतः दुरुस्त करिता येत नाही. तो मंडळीने त्याच्याजवळ बसून दुरुस्त करावयाचा असतो. मार्टिन लूथर १५३० साली कोबुर्गच्या किल्ल्यात असता डोक्याच्या दुखण्याने आणि कानांतील गुणगुणीने इतका जर्जर झाला की कित्येक दिवस त्यास वाचता-लिहिता येईना. मनाच्या अंधाराचाही त्यास दीर्घ अनुभव होता, आणि तो खिन्न माणसांस नेहमी सांगे की एकटे राहू नका, माणसांत या, जेवा, हसा. इंग्लंडात विल्यम कूपर हा गीतकार वारंवार अशा अंधारात बुडे. जॉन न्यूटन पाळक त्याच्या शेजारी राहून त्यास सांभाळी आणि त्यास गीते रचण्याचे काम देई. दोघांच्या त्या गीतांचा संग्रह १७७९ साली प्रसिद्ध झाला. लंडनचे प्रख्यात उपदेशक स्पर्जन ह्यांनी तर आपल्या विद्यार्थ्यांपुढे उघड सांगितले की असा अंधार त्यांच्यावरही येतो. तेव्हा, प्रिय बहिणी, तू एकटी नाहीस. तुझ्या रांगेत लूथर, कूपर, स्पर्जन आणि एलीया उभे आहेत.

देवाने एलीयास पुन्हा कर्मेलावर पाठविले नाही. त्याने बेतशीर काम दिले आणि अलीशासारखा मदतनीस दिला. तसेच आपणही करावे. डोके दुखते म्हणून स्त्रीमंडळातून एखाद्या बहिणीचे नाव काढू नये. तिला जे काम होईल ते द्यावे, आणि ज्या दिवशी होणार नाही त्या दिवसासाठी दुसरीस तिच्या जोडीस द्यावे.

शेवटी सर्वांत जड गोष्ट. एलीयाने मरण मागितले. देवाने ते दिले नाही, आणि मागितल्याबद्दल त्यास धिक्कारलेही नाही. ज्यास अर्धशिशी आणि खिन्नता दोन्ही आहेत त्याच्या मनात मरणाचा विचार येऊ शकतो. त्यास सरळ विचारा की, मरावेसे वाटते काय. विचारल्याने तो विचार नव्याने उपजत नाही, उलट मनाची गाठ सुटते. तो होय म्हणाला तर उपदेश करू नका. त्यास एकटे सोडू नका. घरातील फवारणीचे औषध, दोर, गोळ्या दुसऱ्या घरी नेऊन ठेवा. त्याच दिवशी त्यास डॉक्टराकडे न्या. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस नावाची सेवा उघडली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, पैसे न देता, मराठीतही बोलता येते. आणि पोलिसांच्या भयाने कोणी गोष्ट दडवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्याने, असा प्रयत्न करणारा मनुष्य भारी ताणाखाली होता असे मानावे आणि त्यास शिक्षा न करिता सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे ठरविले आहे. राज्याचा कायदा इतका दयाळू होत असता प्रभूची मंडळी त्याहून कठोर असावी काय?

उपदेशक बंधूंनो, आणि बायबलबाईंनो, आपण ह्या आठवड्यात आपल्या वस्तीतील घरे मनात मोजून पाहा. कोणाचे दार दुपारी लावलेले असते? कोण महिन्याच्या दोन-तीन रविवारी उपासनेस येत नाही? त्या घरी जा. मोकळ्या हाताने जाऊ नका. दुरडीत भाकर आणि तांब्यात पाणी असू द्या. पहिल्या भेटीत ऐका. दुसऱ्या भेटीत दवाखान्याची वाट दाखवा आणि बसच्या भाड्याची अडचण असेल तर पंचांस सांगा. तिसऱ्या भेटीत, ती विचारील तर, एलीयाची ही हकीकत वाचून दाखवा. देवाचा क्रम उलटा करू नका.

आणि जी बहीण किंवा जो भाऊ ह्या क्षणी डोक्यास फडके आवळून हे दुसऱ्याकडून वाचवून घेत असेल, त्यास आम्ही इतकेच म्हणतो. प्रभू तुझ्यावर रागावलेला नाही. गथशेमानेत ज्याच्या जिवास मरणप्राय दुःख झाले आणि ज्याचे मित्र एक घटकाही जागे राहिले नाहीत, तो तुझे दुःख आतून जाणतो. तू झोप. उठशील तेव्हा भाकर खा. वाट लांब आहे हे त्यास ठाऊक आहे.

हे दयाळू पित्या, जे डोक्याच्या वेदनेने आणि मनाच्या अंधाराने पीडलेले आहेत त्यांस विश्रांती दे. त्यांच्या घरच्यांस धीर दे. डॉक्टरांच्या हातास यश दे. आमच्या जिभांस आवर आणि आमच्या पायांस त्यांच्या दारापर्यंत चालव. आमचा प्रभू येशू ख्रिस्त ह्याच्या नावाने मागतो. आमेन.